पतंग कोणत्या नावाने शोधायचा

चौथीतल्या त्या मुलीने कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत काहीतरी टाइप केलं, एंटर दाबलं आणि स्क्रीनकडे बघत बसली. मग तेच पुन्हा टाइप केलं. तिसऱ्यांदा शेवटचं अक्षर गाळून. मी दोन टेबलं पलीकडे फाटक्या पुस्तकांना टेप लावत होते. तिच्या स्क्रीनवर दर वेळी एकच वाक्य येत होतं : काही सापडलं नाही. ते वाक्य स्पॅनिशमध्ये होतं. कॅटलॉगच्या कोपऱ्यात भाषा बदलायची सोय आहे, आणि कोणीतरी तिला ती बदलून दिली होती. कॅटलॉग तिच्याशी तिच्या भाषेत बोलत होता. ‘नाही’ म्हणण्यापुरता.

मी उठून तिच्याजवळ गेले. तेव्हा मला स्पॅनिश येत होतं ते ‘ओला’, ‘ग्रासियास’ आणि मोबाइलवरच्या अॅपने शिकवलेलं ‘मांजर दूध पितं’ एवढंच. काय हवंय, असं मी हातवाऱ्यांनी विचारलं. ती म्हणाली, “बार्रिलेते.” मी फोनवर भाषांतर बघितलं, तर फोन म्हणाला, छोटं पिंप. चौथीतल्या मुलीला पिंपावरचं पुस्तक कशाला हवं असेल? तिने माझा गोंधळ ओळखला, माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि रद्दी कागदावर एक मोठा गोल काढला. गोलात पाकळ्यांसारखे त्रिकोण. मला वाटलं, छत्री. मग तिने गोलाला शेपटी काढली, मग लांबच लांब दोरी, आणि दोरीच्या टोकाला एक बारका हात.

“पतंग!” मी ओरडले. मराठीत.

पतंगावरचं पुस्तक आमच्याकडे होतं. स्पॅनिशमधलंच, पातळ, भरपूर फोटोंचं. ड्यूईच्या ७९६मध्ये, म्हणजे खेळांच्या रॅकवर, ती बसली होती तिथून जेमतेम दहा पावलांवर. तिने ते छातीशी धरलं, “थँक यू, मिस” म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. माझ्या डोक्यात मात्र एक प्रश्न अडकून बसला. पुस्तक स्पॅनिश, मुलगी स्पॅनिश बोलणारी, स्क्रीनसुद्धा स्पॅनिश. मग अडलं कुठे?

मुलं घरी गेल्यावर आमच्या लायब्ररियन बाईंनी मला त्या पुस्तकाची आतली नोंद उघडून दाखवली. आपण कॅटलॉगमध्ये जे बघतो त्याच्या मागे प्रत्येक पुस्तकाचं एक रेकॉर्ड असतं. त्याची रचना जगभर साधारण एकसारखी, तिला ‘मार्क’ म्हणतात. क्रमांक दिलेले रकाने. २४५मध्ये पुस्तकाचं नाव, ५२०मध्ये सारांश, ६५०मध्ये विषय. आमच्या पतंगाच्या पुस्तकात २४५ स्पॅनिशमध्ये होता, पण त्या नावात पतंगाच्या जागी ‘उडायचं’ असं काहीतरी होतं. सारांश इंग्रजीत. आणि ६५०मध्ये एक इंग्रजी शब्द : काइट्स.

“ही चूक आहे का?” मी विचारलं.

“नाही. हा नियम आहे,” बाई म्हणाल्या.

पुस्तक कुठल्याही भाषेतलं असो, त्याचा विषय कॅटलॉगच्या भाषेत लिहायचा. अमेरिकेतल्या लायब्ररीच्या कॅटलॉगची भाषा इंग्रजी, त्यामुळे विषय इंग्रजीत. बरं, शाळेतल्या लायब्ररीत बसून कोणी या नोंदी स्वतः लिहीत नाही. एकटी लायब्ररियन, शेकडो मुलं, वर दुपारी कॅफेटेरियाची ड्यूटी. पुस्तकं विकणारे बारकोड चिकटवून पुस्तक पाठवतात, सोबत तयार रेकॉर्ड येतं, ते सिस्टिममध्ये ओतायचं. कोपऱ्यातलं बटण दाबून भाषा बदलली की बटणं बदलतात, ‘शोधा’ आणि ‘मागे जा’ स्पॅनिश होतं, पण या रकान्यांतलं एक अक्षरही हलत नाही. त्या रेकॉर्डमध्ये अजून एक विषय होता, ज्यावर मी आणि बाई दोघी हसलो. ‘स्पॅनिश लँग्वेज मटेरियल्स’. म्हणजे हे पुस्तक स्पॅनिशमध्ये आहे, अशी खूण. इंग्रजीत. स्पॅनिश पुस्तक हवं असलेल्या मुलाने ते हवं आहे, हे आधी इंग्रजीत सांगायचं.

मी तिथे काय करत होते, हे सांगायला हवं. ह्यूस्टनच्या बाहेरच्या एका वस्तीत नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेली, एच-फोर व्हिसावर, वर्क परमिटची वाट बघणारी बाई घरात बसून किती बसणार? शाळेत व्हॉलंटियर हवेत असं कळलं, पोलीस तपासणीचा फॉर्म भरला, आणि आठवड्यातले तीन दिवस पुस्तकं रॅकवर लावायला जाऊ लागले. त्या शाळेत निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी स्पॅनिश बोलतात. टेक्सासचा कायदा असा आहे, की जिल्ह्यात एका इयत्तेत एकाच भाषेची, इंग्रजी कच्चं असलेली वीस मुलं असली की प्राथमिक शाळेत त्या भाषेतून शिकवायची सोय करावी लागते. त्यामुळे स्पॅनिश पुस्तकं विकत घेतली जातात. आमच्याकडे तीन कपाटं भरून होती. नुसतं कपाटापाशी नेऊन उभं केलं तर मुलं चाळून चाळून काढायची काहीतरी. पण विषय घेऊन येणारं मूल, ज्याला विंचूच हवा आहे किंवा ज्वालामुखीच हवा आहे, ते हात हलवत परत जायचं.

मी कऱ्हाडची. आमच्या वाचनालयात कॅटलॉग नावाची चीज असेलही, मी कधी बघितली नाही. काउंटर होतं, काउंटरमागे काका होते आणि काकांच्या मागे अंधारात कपाटं. तिथे जाऊन म्हणायचं, “काका, ते निळ्या कव्हरचं, भुताचं, मागच्या महिन्यात वैद्यांच्या मुलीने नेलेलं.” काका एक शब्द न बोलता आत जायचे आणि धारप घेऊन यायचे. पुस्तकाचं नाव चुकवा, लेखकाचं चुकवा, नुसती गोष्ट सांगा, चालायचं. आता वाटतं, त्या माणसाच्या डोक्यात एकेका पुस्तकाला वीस-वीस नावं असणार. त्याची दुसरी बाजूही होती, हे नाकारत नाही. काकांना जे पुस्तक आपल्या वयाला योग्य वाटायचं नाही, ते कायम ‘बाहेर गेलेलं’ असायचं.

उलट अनुभवही माझ्या गाठीशी होता. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात खूप एकटं वाटायचं, तेव्हा एका विद्यापीठाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये मी ‘श्यामची आई’ शोधलं होतं. देवनागरीत टाइप केलं, काही नाही. इंग्रजी अक्षरांत, आपण व्हॉट्सअॅपवर लिहितो तसं लिहिलं, तरी नाही. मग कळलं की अमेरिकन लायब्ररींची मराठीसाठी एक ठरलेली रोमन लिपी आहे. एसवर तिरकी रेघ, दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा, आणि ‘च’ला सी-एच नाही, नुसता सी. तसं लिहिल्याबरोबर सापडलं. नुसतं तेच नाही, शेकडो मराठी पुस्तकं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२मध्ये दिल्लीत ऑफिस उघडलं, पीएल-४८०च्या गव्हापोटी भारताकडे साचलेल्या रुपयांतून पुस्तकं घेतली आणि ती इथल्या विद्यापीठांना वाटली. आजी ज्या लाल गव्हाला नावं ठेवायची, त्याच्या पैशांतून आलेली पुस्तकं. सगळी व्यवस्थित जपलेली, आणि मराठी माणसाला सापडणार नाहीत अशा स्पेलिंगखाली.

म्हणून त्या मुलीचं तीनदा एंटर दाबणं माझ्या डोक्यातून जाईना.

बाईंना हे सगळं माझ्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. छोट्या लायब्ररींसाठी १९२३मध्ये मिनी अर्ल सीअर्स यांनी विषयशब्दांची एक यादी केली होती, ती ‘सीअर्स लिस्ट’ अजून वापरतात. तिची स्पॅनिश आवृत्ती २००८मध्ये निघाली. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, कॅलिफोर्नियात ‘बिलिंडेक्स’ नावाची इंग्रजी-स्पॅनिश यादी तयार झाली होती. म्हणजे हत्यारं आहेत. रेकॉर्डमध्ये इंग्रजी विषयाखाली स्पॅनिश विषयाची आणखी एक ओळ घालायची, ती कुठल्या यादीतून घेतली त्याची खूण करायची, झालं. हे करायला हात मात्र नव्हते. माझे दोन हात मोकळे होते.

आम्ही पतंगापासूनच सुरुवात केली. आम्हाला तयार मिळालेला स्पॅनिश विषयशब्द होता ‘कोमेता’. मी तो टाइप करून बघितला, आणि पडद्यावर धूमकेतू आले. स्पॅनिशमध्ये कोमेता म्हणजे पतंग आणि कोमेता म्हणजे धूमकेतूही. हे मी दुपारच्या जेवणाला कॅफेटेरियात सांगितलं, तर वाढणाऱ्या ताई हसायला लागल्या. त्या एल साल्वादोरच्या. “कोमेता टीव्हीवर म्हणतात. पतंगाला पिस्कुचा म्हणतात,” त्या म्हणाल्या. शेजारी ट्रे घेऊन उभा असलेला पाचवीतला मुलगा म्हणाला, “नाही, पापालोते.” तो मेक्सिकोचा. पापालोते हा मुळात नाहुआत्ल भाषेतला शब्द, फुलपाखरू. मग सफाई करणारे पोर्तो रिकोचे काका लांबून ओरडले, “चिरिंगा!” आणि पुढची पाच मिनिटं कॅफेटेरियात पतंगावरून जे भांडण झालं ते ऐकून मला एकदम पोहे-फोवचं भांडण आठवलं. बार्रिलेते कोणीच म्हटलं नाही. तो ग्वाटेमालाचा शब्द, अर्जेंटिनातही चालतो. ग्वाटेमालात सुम्पांगो नावाच्या गावी एक नोव्हेंबरला, मेलेल्या माणसांच्या आठवणीच्या दिवशी, कबरस्तानाजवळ राक्षसी आकाराचे गोल पतंग उभे करतात. टिश्यू पेपरचे, घराएवढे. कागदावरच्या त्या गोलातले त्रिकोण छत्रीच्या काड्या नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं.

यादीला एक शब्द निवडावाच लागतो. तो यादीचा धर्म आहे, नाहीतर यादी कसली? पण अनेक देशांच्या भाषेतून निवडलेला एक शब्द बहुतेकदा कोणाच्याच अंगणातला नसतो, शब्दकोशातला असतो. बाईंनी यावर एक तोड काढली. मार्कमध्ये ६५३ नावाचा एक रकाना आहे. कुठल्याही यादीत नसलेले, तुमच्या मर्जीचे शब्द तिथे टाकता येतात. कॅटलॉग करणाऱ्या कडक मंडळींना हा रकाना फारसा आवडत नाही, अडगळीची खोली झाल्यासारखी वाटते म्हणे. आम्ही ६५०मध्ये यादीतला शब्द घातला, आणि ६५३मध्ये पिस्कुचा, पापालोते, बार्रिलेते, चिरिंगा. मी टाइप करून बघितलं. चारही नावांनी एकच पातळ पुस्तक वर आलं. काका अंधारातून बाहेर आले म्हणा ना.

मग मी एक शंभर पानी वही केली. तीन रकाने : मुलाने म्हटलेला शब्द, देश, पुस्तकाचा नंबर. मूल रिकाम्या हाताने परत चाललं की त्याला थांबवायचं आणि काय टाइप केलंस ते विचारायचं. मुलांना हा खेळ फार आवडला. मला शब्द शिकवण्यात त्यांना जी मजा यायची ती माझे उच्चार ऐकून जास्त यायची. “मिस, तुम्ही फार मऊ बोलता. र्र्र करा,” असं मला दुसरीतल्या एकाने सांगितलं आहे.

वही भरत गेली तसे घोटाळे कळत गेले. ‘फुत्बोल’ टाइप केल्यावर हेल्मेट घातलेले अमेरिकन धटिंगण यायचे किंवा काहीच यायचं नाही, कारण मुलांचा खेळ कॅटलॉगमध्ये ‘सॉकर’ होता. मेक्सिकोच्या मुलाने ‘कामियोन’ म्हटलं तर त्याला बस हवी असते, इतरांना ट्रक. ‘एल’ आणि ‘ला’ ही स्पॅनिशमधली नामांआधी येणारी चिमुकली उपपदं. कितीतरी पुस्तकांची नावं त्यांनी सुरू होतात. रेकॉर्डमध्ये एक आकडा असतो, जो कॉम्प्युटरला सांगतो की क्रम लावताना सुरुवातीची इतकी अक्षरं सोडून दे. इंग्रजी ‘द’साठी तो आकडा नीट भरलेला, स्पॅनिश पुस्तकांत बहुतेक ठिकाणी शून्य. त्यामुळे नावांच्या यादीत आमची अर्धी स्पॅनिश पुस्तकं ‘ई’ आणि ‘एल’ या दोन अक्षरांत कोंबलेली. एका दुपारी नुसते शून्याचे तीन आणि चार करत बसले. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

एकाच पुस्तकाची दोन स्पॅनिश नावं, हा वेगळा ताप. एरिक कार्लचा तो भुकेला सुरवंट इथल्या आवृत्तीत ‘खूप भुकेला’ आहे आणि स्पेनच्या आवृत्तीत ‘छोटा खादाड’. ‘डायरी ऑफ अ विम्पी किड’ स्पॅनिशमध्ये ‘ग्रेगची डायरी’ होते, ‘विम्पी’ हा शब्दच गायब. डॉग मॅन मात्र सरळ ‘ओंब्रे पेर्रो’, माणूस-कुत्रा. इंग्रजी बोलणाऱ्या मित्राच्या हातात विम्पी किड बघून आलेला मुलगा तेच नाव टाकून स्पॅनिश प्रत शोधणार, हे उघड आहे. मूळ नावासाठी रकाना आहे, २४०. भरलेला असला तर.

आडनावांचं तर विचारूच नका. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं, आधी वडिलांचं, मग आईचं. कॅटलॉगमध्ये गार्सिया मार्केस ‘जी’मध्ये असतो, आणि तो बरोबर असतो. पण हीच शिस्त मुलांच्या कार्डांना नव्हती. शाळेच्या ऑफिसात नाव टाइप करणाऱ्याने शेवटचा शब्द आडनाव समजून टाकलेला, तर कुठे मधल्या शब्दाला मिडल नेम केलेलं. पुस्तक द्यायच्या वेळी दोन सख्ख्या भावांची कार्डं दोन आडनावांखाली निघायची. माझ्या नावात मधोमध नवऱ्याचं नाव बसलेलं आहे आणि इथल्या प्रत्येक ऑफिसात त्याचं काहीतरी वेगळं होतं, त्यामुळे मला हे समजावून सांगायची गरज पडली नाही.

आणि मग तो ‘एलियन’चा दिवस आला.

पाचवीतल्या एका मुलाला परग्रहावरचे लोक हवे होते. इंग्रजी त्याचं एव्हाना बरं झालं होतं. त्याने इंग्रजीतच ‘एलियन्स’ टाइप केलं. यूएफओची एक-दोन पुस्तकं आली आणि त्यांच्या मध्येच एक चित्रपुस्तक आलं, ज्यात एक कुटुंब रात्री नदी ओलांडून येतं. त्याने ते रॅकवरून काढलं, उभ्याउभ्या पानं उलटली आणि माझ्याकडे आला. “मिस, यात यूएफओ कुठेत?” मी रेकॉर्ड उघडलं. परग्रहावरच्यांसाठी कॅटलॉगमध्ये ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रियल बीइंग्ज’ असा भारदस्त विषय आहे. आणि या चित्रपुस्तकाच्या ६५०मध्ये लिहिलं होतं : इलीगल एलियन्स. पुढे, बालसाहित्य.

तो माझ्या खांद्याशी उभा राहून स्क्रीन वाचत होता. वाचून झाल्यावर काही बोलला नाही. पुस्तक मात्र परत ठेवलं नाही, घरी घेऊन गेला. यूएफओचं ठेवून गेला.

त्याच्या घरचे कोण, कसे आले, कागदपत्रं आहेत की नाहीत, मला माहीत नाही. शाळेत ते विचारायचं नसतं. टेक्सासच्याच टायलर गावावरून एक खटला झाला होता, ‘प्लायलर विरुद्ध डो’. १९८२मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. म्हणजे ते मूल आमच्या लायब्ररीत हक्काने बसतं. आणि तिथला कॅटलॉग त्याला हे ऐकवतो.

हा शब्दही कोणा एकाने वाईट हेतूने टाकलेला नव्हता. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषययादीतला तो अधिकृत शब्द होता, आणि देशभरातल्या लायब्ररी ती यादी वापरतात. २०१४मध्ये डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तो बदलावा म्हणून अर्ज केला. २०१६मध्ये लायब्ररीने बदलायचं जाहीर केलं. मग संसदेतल्या काही लोकांनी हरकत घेतली आणि प्रकरण थंड बस्त्यात गेलं. लायब्ररीतल्या विषयशब्दावरून संसदेत वाद! अखेर नोव्हेंबर २०२१मध्ये शब्द बदलले : ‘एलियन्स’च्या जागी ‘नॉनसिटिझन्स’, आणि ‘इलीगल एलियन्स’च्या जागी ‘नॉनसिटिझन्स’ व ‘इलीगल इमिग्रेशन’. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. पण एकदा रेकॉर्ड उतरवून घेतलं की ते तुमच्या सिस्टिममध्ये तसंच पडून राहतं. वॉशिंग्टनमध्ये शब्द मेला तरी आमच्या शाळेत तो जिवंत होता.

बाई आणि मी त्या दिवशी उशिरापर्यंत थांबलो. हा विषय असलेली सगळी रेकॉर्ड काढली, एकेक उघडून बदलली. स्पॅनिश ओळ घालायची वेळ आली तेव्हा बाई थांबल्या. ‘ईलेगालेस’ असा शब्द लिहायचा का? त्यांनी कॅफेटेरियातल्या ताईंना फोन करून विचारलं, तुम्ही स्वतः काय म्हणता? ताई म्हणाल्या, “इमिग्रांतेस. अजून काय म्हणायचं?” आम्ही तेच घातलं. मी घरी आले, पर्समधून नुकतंच आलेलं वर्क परमिटचं कार्ड काढलं. त्यावर एक नंबर असतो, त्याला सगळे ‘ए-नंबर’ म्हणतात. ते ‘ए’ एलियनचं, हे मला माहीत होतं. आमच्या इथल्या मराठी मंडळात त्यावर जोकही होतात, आम्ही बाबा लीगल एलियन. त्यानंतरच्या गणपतीत कोणीतरी तो जोक परत मारला. मला हसू आलं नाही, आणि का आलं नाही, ते तिथे सांगत बसण्यातही अर्थ नव्हता.

पाचवीतला मुलगा पुढच्या आठवड्यात पुस्तक परत घेऊन आला. आईने दोनदा वाचलं म्हणाला. दुसरं असंच आहे का?

दुसरं असंच नव्हतं. इथे वही, रकाने, विषयशब्द सगळं संपतं. पुस्तकच नसेल तर ६५३मध्ये काय भरणार? १९२१मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने पुरा बेलप्रे यांना नोकरीवर घेतलं, तिथल्या पहिल्या पोर्तो रिकन लायब्ररियन त्या. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी लायब्ररीत कुठेच नाहीत हे त्यांना दिसलं, तेव्हा त्या मुलांना इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये गोष्टी सांगू लागल्या आणि मग लिहू लागल्या. झुरळीण आणि उंदराची त्यांची ‘पेरेस ई मार्तिना’ १९३२मध्ये आली. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६पासून लॅटिनो बालसाहित्याला देतात, आणि त्याच्या याद्या आता आमच्या बाई खरेदीच्या वेळी जवळ ठेवतात. त्या वर्षी आलेल्या पैशांतून त्यांनी डायनोसॉर कमी केले आणि नदी ओलांडणाऱ्यांची चार पुस्तकं घेतली. डायनोसॉरवाल्या पहिलीच्या पोरांनी तक्रार केली, तीही रास्तच होती.

पतंगवाली मुलगी वसंतात पुन्हा आली. एव्हाना तिच्या इंग्रजीने माझ्या स्पॅनिशला केव्हाच मागे टाकलं होतं. तिने स्वतःच ‘बार्रिलेते’ टाइप केलं, पुस्तक वर आलं, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते छापलं. मी तिला वही दाखवली. तिच्या शब्दापुढे ‘ग्वाटेमाला’ लिहिलेलं तिने वाचलं. मग म्हणाली, “हा शाळेतला शब्द आहे.”

“म्हणजे?”

“घरी वेगळा म्हणतो. आई स्पॅनिश बोलत नाही ना.”

तिच्या आईची भाषा माम. ग्वाटेमालात माया कुळातल्या वीसहून जास्त भाषा आहेत, त्यांतली एक. शाळेत नाव घालताना घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म भरतात, त्यावर कोणीतरी स्पॅनिश लिहिलं. ग्वाटेमाला म्हणजे स्पॅनिश, विचारायचं काय त्यात? वर्षभर मी तिला ‘तिच्या’ भाषेत मदत करतेय असं मला वाटत होतं, आणि ती भाषा तिनेही शाळेतच उचललेली. नंतर मी कुतूहलाने मार्कमधल्या भाषांच्या खुणा बघितल्या. प्रत्येक भाषेला तीन अक्षरं. स्पॅनिशला तीन, मराठीलाही स्वतःची तीन. मामला वेगळी नाहीत, सगळ्या माया भाषांना मिळून एकच गठ्ठा-खूण आहे.

“सांग, काय म्हणता घरी?” मी वही पुढे केली.

तिने शब्द सांगितला. मध्ये कुठेतरी घशात श्वास अडवल्यासारखा एक आवाज होता, जो मला तीनदा ऐकूनही जमला नाही. मी देवनागरीत लिहून बघितला, वाचून दाखवला. तिने मान हलवली. पुन्हा लिहिला, खाली टिंब देऊन. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ती हसली आणि “जाऊ दे, बरा आहे” अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. मग वही स्वतःकडे ओढली, दुसऱ्या रकान्यात मी सवयीने लिहिलेलं ‘ग्वाटेमाला’ नीट खोडरबरने खोडलं आणि तिथे पेन्सिलने लिहिलं : मी कासा. माझं घर.